फ्लिंटच्या नळाचे पाणी

घरातला नळ गळू लागला की आपण प्लंबरला बोलावणे धाडतो. हा 'प्लंबर' शब्द आला कोठून? लॅटिन भाषेत शिशाला 'प्लंबम' म्हणतात. रोमन लोक पाण्याचे नळ शिशाचे करीत. म्हणून नळ जोडणारा कारागीर तो शिसेवाला, म्हणजेच प्लंबर. मूलद्रव्यांच्या तक्त्यात शिशाची खूण 'पीबी' अशी असते, तीही याच शब्दावरून. शिसे मऊ असते, वाकवावे तसे वाकते, ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि जमिनीखाली वर्षानुवर्षे टिकते. नळासाठी याहून सोयीचा धातू शोधून सापडला नसता. त्याची खोड एकच. तो विषारी आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील पुष्कळ शहरांत रस्त्याखालच्या मोठ्या नळापासून घरापर्यंतचा जोडनळ शिशाचा घालीत असत. नव्या बांधकामात असे नळ वापरण्यास अमेरिकेने १९८६ साली बंदी केली. पण आधी घातलेले नळ जमिनीतच राहिले. अशाच एका शहराची, फ्लिंटची, ही हकिगत आहे. ती रसायनशास्त्राच्या तासाला सांगण्यासारखी आहे, गणिताच्या तासाला सांगण्यासारखी आहे आणि नागरिकशास्त्राच्या तासाला तर अवश्य सांगण्यासारखी आहे.

शहर आणि त्याचा कारभार

फ्लिंट हे अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील शहर. डेट्रॉइटपासून ते सुमारे ११० किलोमीटरवर आहे. मोटारी तयार करणारी जनरल मोटर्स ही कंपनी १९०८ साली याच शहरात स्थापन झाली. १९६० च्या सुमारास शहराची वस्ती दोन लाखांच्या जवळपास होती. पुढे कारखाने एकामागून एक बंद झाले, ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले आणि २०१४ पर्यंत वस्ती एक लाखावर आली. मागे राहिलेल्यांत निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते आणि सुमारे ४० टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते.

लोक कमी झाले म्हणजे करही कमी झाला. पण जमिनीखालचे नळ काही कमी होत नाहीत! दोन लाख माणसांसाठी घातलेली नळयोजना एक लाख माणसांनी सांभाळायची, असा हा प्रकार. शहराची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा राज्य सरकारने २०११ पासून तेथे एक आपत्कालीन व्यवस्थापक नेमला. लोकांनी निवडून दिलेला महापौर आणि नगरपरिषद नावापुरती राहिली. निर्णयाचा अधिकार व्यवस्थापकाकडे गेला. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

१९६७ पासून फ्लिंटला डेट्रॉइटच्या यंत्रणेकडून ह्यूरॉन सरोवराचे शुद्ध केलेले पाणी विकत मिळत असे. खर्च वाचवण्यासाठी असे ठरले की, सरोवरापासून नवा नळ घालण्याचे काम पुरे होईपर्यंत शहरातून वाहणाऱ्या फ्लिंट नदीचेच पाणी वापरावे. २५ एप्रिल २०१४ रोजी डेट्रॉइटचे पाणी बंद झाले आणि नदीचे पाणी सुरू झाले.

नळाच्या आतला पापुद्रा

आता तुम्ही विचाराल, नळ शिशाचे होते तर डेट्रॉइटचे पाणी पिऊन लोकांना आधीच विषबाधा कशी झाली नाही?

याचे उत्तर नळाच्या आतल्या पापुद्र्यात आहे. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन आणि जंतुनाशक म्हणून घातलेला क्लोरीन हे शिशाच्या अणूंकडून इलेक्ट्रॉन काढून घेतात. इलेक्ट्रॉन गमावलेला अणू आयन होऊन पाण्यात उतरतो. या क्रियेला क्षरण म्हणतात. लोखंड गंजते तीही याच जातीची क्रिया. पण पाण्यात थोडे फॉस्फेट मिसळले, तर शिशाचे आयन त्याच्याशी संयोग पावून शिशाचे फॉस्फेट तयार होते. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्याचा पातळ, चिवट थर नळाच्या आतून बसतो आणि पाणी व धातू यांच्यामध्ये पडद्यासारखा उभा राहतो. कल्हई केलेल्या भांड्यात ताक कळकत नाही, कारण पितळ आणि ताक यांची गाठच पडत नाही. तसेच काहीसे हे आहे. फरक एवढाच की, कल्हईचा थर एकदा दिला की काही महिने पुरतो. फॉस्फेटचा थर मात्र टिकवायचा तर पाण्यात सतत थोडे थोडे फॉस्फेट घालत राहावे लागते.

डेट्रॉइटच्या पाण्यात हे फॉस्फेट घातलेले असे. फ्लिंटच्या शुद्धीकरण केंद्रात नदीच्या पाण्यात ते घातले गेले नाही. त्याचा खर्च दिवसाला शंभर-दीडशे डॉलर आला असता, असा अंदाज पुढे सांगितला गेला.

त्यात नदीचे पाणीही वेगळे होते. सरोवराच्या पाण्याच्या मानाने त्यात क्लोराइडचे प्रमाण पुष्कळच जास्त होते. थंड प्रदेशात रस्त्यावरचे बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. ते शेवटी वाहून नदीतच येते. क्लोराइडमुळे क्षरणाचा वेग वाढतो. शिवाय जेथे तांब्याचा नळ शिशाच्या डाखाने जोडलेला असतो, तेथे दोन निराळे धातू एकमेकांना चिकटलेले आणि दोन्ही क्षारयुक्त पाण्यात बुडालेले, असा योग येतो. हा तर विद्युत्घटच झाला! तुमच्या पुस्तकातील व्होल्टाचा घट आठवा. या घटात शिसे हा ऋणाग्र होतो आणि झिजत जातो. जुना पापुद्रा सुटू लागला, नवा बसेना आणि शिसे पाण्यात उतरू लागले.

लोखंडी नळांचीही हीच गत झाली. पाणी तांबूस-पिवळे येऊ लागले, त्याला वास येऊ लागला. ऑगस्ट-सप्टेंबर २०१४ मध्ये पाण्यात जंतू सापडले आणि पाणी उकळून पिण्याच्या सूचना निघाल्या. मग क्लोरीन वाढवला. क्लोरीन आणि पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये मिळून ट्रायहॅलोमीथेन नावाची अपायकारक संयुगे मर्यादेपेक्षा जास्त तयार झाली. लोखंडाचा गंज पाण्यातील क्लोरीन खाऊन टाकतो, त्यामुळे शहराच्या काही भागांत जंतूंना मोकळे रान मिळाले. २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांत लीजनेअर या न्यूमोनियासारख्या रोगाचे सुमारे ९० रुग्ण त्या भागात आढळले आणि त्यांपैकी १२ दगावले.

ऑक्टोबर २०१४ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. जनरल मोटर्सच्या इंजिनाच्या कारखान्यात यंत्राचे भाग या पाण्याने गंजू लागले. कारखान्याने शेजारच्या भागातून ह्यूरॉन सरोवराचे पाणी घेण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. माणसांना मात्र नदीचेच पाणी आणखी एक वर्ष प्यावे लागले.

एक अब्जांश म्हणजे किती?

पाण्यातील शिशाचे प्रमाण अब्जांशात सांगतात. एक लिटर पाण्याचे वस्तुमान एक किलोग्रॅम, म्हणजे एक अब्ज मायक्रोग्रॅम. तेव्हा एक लिटर पाण्यात एक मायक्रोग्रॅम शिसे असले की ते प्रमाण एक अब्जांश झाले. वेळेच्या भाषेत सांगायचे तर सुमारे ३२ वर्षांतला एक सेकंद!

इतक्या अल्प प्रमाणाचे कसले भय, असे वाटेल. पण आपल्या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिसे १० अब्जांशांहून जास्त असता कामा नये. अमेरिकेत त्या काळी १५ अब्जांश ही कारवाईची पातळी होती. ती ओलांडली की पाणीपुरवठा करणाऱ्यांनी उपाय योजलेच पाहिजेत, असा कायदा. फ्लिंटमधील एका गृहिणीच्या, ली-ॲन वॉल्टर्स यांच्या, घरातील पाण्यात फेब्रुवारी २०१५ मध्ये १०४ अब्जांश आणि मार्चमध्ये ३९७ अब्जांश शिसे सापडले. पुढे व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील प्राध्यापक मार्क एडवर्ड्स यांनी त्याच घरातील ३० नमुने तपासले. सर्वांत कमी शिशाच्या नमुन्यातही ते २०० अब्जांशांच्या वर होते आणि एका नमुन्यात १३,२०० अब्जांश निघाले. कारवाईच्या पातळीच्या हे किती पट झाले? भागाकार करून पाहा: ८८० पट. अमेरिकेत ज्या द्रवात ५,००० अब्जांशांहून अधिक शिसे असते, तो घातक कचरा समजला जातो.

येथे एक धोक्याची सूचना. पाण्यातील शिशाला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळून जंतू मरतात, पण शिसे जात नाही. उलट वाफ निघून गेल्याने उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण किंचित वाढतेच.

लहानांनाच जास्त का?

समजा, एक ६० किलो वजनाचा माणूस दिवसाला दोन लिटर पाणी पितो. म्हणजे दर किलो वजनामागे सुमारे ३३ मिलिलिटर. आता ५ किलो वजनाचे बाळ घ्या. ते पावडरीच्या दुधावर आहे आणि त्यात दिवसाला ७५० मिलिलिटर पाणी लागते. दर किलोमागे १५० मिलिलिटर. नळ तोच, पाणी तेच. पण वजनाच्या हिशेबाने बाळाच्या वाट्याला साडेचार पट पाणी आले, आणि पाण्यातील शिसेही तितकेच.

एवढ्याने भागत नाही. पोटात गेलेल्या शिशापैकी फार थोडा भाग प्रौढांच्या रक्तात शोषला जातो. लहान मुलांत हे प्रमाण त्याच्या चार ते पाच पट असू शकते. शिशाचा आयन कॅल्शियमच्या आयनाशी मिळताजुळता असतो. वाढत्या शरीराला कॅल्शियमची भूक असते, आणि शरीर फसून शिशाला आत घेते. कॅल्शियमच्याच वाटेने ते हाडांत साठते. मेंदूत मज्जापेशी एकमेकींना निरोप देतात त्या कामीही कॅल्शियम लागते; तेथे शिसे घोटाळा करते. मुलाचे शिकणे, लक्ष देणे आणि वागणे यांवर त्याचा परिणाम होतो. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही, असे आज वैद्यकशास्त्र सांगते. ज्या मुलांच्या आहारात लोह आणि कॅल्शियम कमी, त्यांच्या शरीरात शिसे अधिक शोषले जाते. म्हणजे गरिबाघरच्या मुलाला हेच पाणी अधिक बाधते.

आकड्यांना बोलते करणे आणि गप्प करणे

फ्लिंटचे लोक पहिल्या महिन्यापासून तक्रार करीत होते. बाटल्यांतून तांबूस पाणी घेऊन ते सभांना जात होते. मार्च २०१५ मध्ये तर नगरपरिषदेने डेट्रॉइटच्या पाण्याकडे परत जावे, असा ठराव सात विरुद्ध एक मताने केला. पण अधिकार व्यवस्थापकाचा, आणि त्याने तो मानला नाही. अधिकाऱ्यांकडून उत्तर येई ते हेच, की पाणी नियमात बसते.

नियमात ते कसे बसले, हे पाहण्यासारखे आहे. नियम असा होता की, धोक्याच्या घरांतून नमुने घ्यायचे, शिशाचे आकडे चढत्या क्रमाने मांडायचे आणि खालून ९० टक्के आकडे संपतात तेथला आकडा पाहायचा. त्याला नव्वदावे शतमान म्हणतात. ते १५ च्या आत असले म्हणजे झाले.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वीस घरांचे आकडे असे आहेत: १, १, २, २, २, ३, ३, ३, ४, ४, ५, ५, ६, ७, ८, ९, १२, १८, ४०, १०४. वीसचे ९० टक्के म्हणजे १८. अठरावा आकडा १८ आहे. तो १५ हून जास्त, म्हणून कारवाई हवी. आता शेवटचे दोन आकडे काही तरी कारण सांगून वगळा. उरले अठरा. त्यांचे ९० टक्के १६.२. सोळावा आकडा ९ आणि सतरावा १२. कोणताही घ्या, १५ च्या आतच! पाणी होते तसेच आहे. कोणाच्याही घरातले शिसे कणभर कमी झालेले नाही. पण कागद शुद्ध झाला.

फ्लिंटमध्ये २०१५ च्या पहिल्या सहामाहीत ७१ नमुने घेतले गेले, त्यांतील दोन जास्त शिशाचे नमुने वगळले गेले आणि उरलेल्या ६९ मधून ११ हा आकडा निघाला. वगळलेल्यांपैकी एक नमुना वॉल्टर्स यांच्या घरचा होता. ते दोन नमुने धरले असते तर शतमान १५ च्या वर गेले असते. शिवाय नमुना घेण्याच्या आदल्या रात्री नळ काही मिनिटे सोडून ठेवा, अशी सूचना रहिवाशांना दिलेली होती. त्यामुळे नळात साचलेले शिसे आधीच धुऊन जाते.

लोकांची तपासणी

ऑगस्ट २०१५ मध्ये व्हर्जिनिया टेकच्या एडवर्ड्स यांच्या गटाने ३०० नमुनासंच फ्लिंटला पाठवले. ते घरोघर पोचवणे, कसे भरायचे ते समजावून सांगणे आणि परत गोळा करणे, हे काम गावच्या लोकांनीच केले. अडीचशेहून अधिक संच भरून परत आले. प्रत्येक संचात तीन बाटल्या होत्या. सहा तास नळ बंद ठेवून पहिली एक लिटरची बाटली भरायची, दुसरी ४५ सेकंद पाणी वाहू दिल्यावर आणि तिसरी दोन मिनिटांनी.

तीन बाटल्या कशासाठी? याचे उत्तर तुम्ही स्वतः काढू शकता. समजा, नळाचा आतला व्यास २ सेंटिमीटर आहे. त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ३.१४ चौरस सेंटिमीटर. मग एक लिटर, म्हणजे १,००० घन सेंटिमीटर पाणी नळाची किती लांबी व्यापील? १,००० भागिले ३.१४, म्हणजे सुमारे ३१८ सेंटिमीटर. पहिली बाटली भरली तेव्हा तीत शेवटच्या तीन-सव्वातीन मीटर नळातले पाणी आले. शिशाचा जोडनळ जर अंगणाखाली दहा मीटर दूर असेल, तर त्यातले पाणी नंतरच्या बाटलीत येणार. एकच बाटली घेणारा तपासनीस प्रामाणिक असूनही फसू शकतो.

या नमुन्यांचे नव्वदावे शतमान २५ अब्जांशांच्या आसपास निघाले. सरकारी आकडा ११.

तरीही शंका घेणारे होतेच. मग हर्ली रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अतिशा यांनी दुसऱ्या टोकाकडून शोध घेतला. पाण्याऐवजी त्यांनी मुलांच्या रक्ताचे आकडे पाहिले. रुग्णालयात पाच वर्षांखालील मुलांच्या रक्ततपासणीची नोंद होतीच. त्यांनी नदीचे पाणी सुरू होण्याआधीचा काळ आणि नंतरचा काळ यांची तुलना केली. दर डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे असलेली मुले आधी २.४ टक्के होती, ती ४.९ टक्के झाली. ज्या भागांत पाण्यातील शिसे सर्वांत जास्त होते, तेथे ४ टक्क्यांवरून १०.६ टक्के. आणि फ्लिंटबाहेरच्या ज्या वस्तीला नदीचे पाणी मिळत नव्हते, तेथे म्हणण्यासारखा फरक पडलेला नव्हता. ही शेवटची ओळ शास्त्रीय दृष्ट्या फार मोलाची आहे. काळ तोच, हवामान तेच; बदलले ते फक्त पाणी.

२४ सप्टेंबर २०१५ रोजी त्यांनी हे निष्कर्ष जाहीर केले. राज्याच्या अधिकाऱ्यांनी प्रथम ते खोडून काढण्याचा प्रयत्न केला, पण स्वतःची आकडेवारी पुन्हा तपासल्यावर त्यांना ते मान्य करावे लागले. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी डेट्रॉइटचे पाणी पुन्हा सुरू झाले. खराब झालेला पापुद्रा मात्र एका दिवसात परत बसत नाही. लोकांना पुढे कित्येक महिने बाटलीबंद आणि गाळलेले पाणी वापरावे लागले. नुकसानभरपाईच्या दाव्यात ६२ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड २०२१ मध्ये न्यायालयाने मान्य केली. तिचा मोठा वाटा त्या वेळी लहान असलेल्या मुलांसाठी ठेवला गेला. शहरातील सुमारे ११,००० शिशाचे जोडनळ काढून नवे घातल्याचे राज्याने जुलै २०२५ मध्ये न्यायालयाला कळवले. पाणी बदलल्यापासून अकरा वर्षांनी.

याला म्हणतात पर्यावरणीय न्याय

या घटनेच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीने मार्च २०१६ मध्ये आपला अहवाल दिला. फ्लिंटच्या लोकांवर पर्यावरणीय अन्याय झाला, असे तिने स्पष्ट म्हटले. हा शब्दप्रयोग नवा नव्हता. १९८२ साली अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात वॉरन परगण्यात, बहुसंख्य गरीब कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, पीसीबी या विषारी द्रव्याने दूषित झालेली माती पुरायचे ठरले. लोक रस्त्यावर आडवे झाले. पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. माती तेथेच पुरली गेली. पण घातक कचरा नेमका कोणाच्या दारात जातो, हा प्रश्न त्यानंतर देशभर विचारला जाऊ लागला.

पर्यावरणीय न्यायाचे दोन भाग आहेत. पहिला वाटणीचा: स्वच्छ हवा-पाणी आणि घाण-विष यांची वाटणी माणसाची जात, वर्ण किंवा मिळकत पाहून होता कामा नये. दुसरा सहभागाचा: ज्यांनी ते पाणी प्यायचे, त्यांना निर्णयात आवाज हवा आणि माहितीवर हक्क हवा. फ्लिंटमध्ये दुसरा भाग आधी मोडला, म्हणून पहिला मोडला. ठराव करणाऱ्या नगरपरिषदेला अधिकार असता, तर ती मुले निदान सात महिने आधी वाचली असती.

आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात म्हटले आहे की, राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाण्याचा आणि हवेचा हक्क येतो.

वर्गात काय करता येईल?

प्रयोग पहिला. चार काचेचे पेले घ्या. चारही पेल्यांत पॉलिश कागदाने घासलेला एकेक लोखंडी खिळा ठेवा. पहिल्यात साधे पाणी घाला, दुसऱ्यात चमचाभर मीठ विरघळवलेले पाणी. तिसऱ्यात मिठाचेच पाणी, पण खिळ्याभोवती तांब्याची उघडी तार घट्ट गुंडाळलेली. चौथ्यात धुण्याचा सोडा विरघळवलेले पाणी. चार दिवस रोज निरीक्षण लिहा. कोणता खिळा आधी गंजला? कोणता गंजलाच नाही? पाण्यात काय मिसळले आहे यावर धातूचे भवितव्य कसे ठरते, ते डोळ्यांनी दिसेल. शिशाचा तुकडा घेऊन हा प्रयोग कोणीही करू नये.

प्रयोग दुसरा. आपल्या गावाचा किंवा वॉर्डाचा नकाशा मोठ्या कागदावर काढा. पाण्याची टाकी, मुख्य नळ, सार्वजनिक नळकोंडाळी, विहिरी, हातपंप, गटारे आणि उकिरडे दाखवा. मग प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घराची माहिती भरावी: पाणी किती वाजता येते, किती वेळ टिकते, एक बादली भरायला किती सेकंद लागतात, पाणी भरण्याचे काम घरात कोण करते. टाकीपासून जसजसे दूर आणि उंचावर जावे तसतसा दाब कमी होतो. त्यामुळे बादली भरण्याचा वेळ नकाशावर मांडला की दाबाचा नकाशाच तयार होतो. नळाच्या शेवटच्या टोकाला कोणती वस्ती आहे, ते पाहा.

त्यात आरोग्याचा प्रश्न असा येतो. पाणी बंद झाले की नळातला दाब उतरतो. तेथे कोठे फट असेल आणि शेजारून गटार वाहत असेल, तर बाहेरची घाण आत ओढली जाते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटले की पहिला लोंढा ती घाण घेऊन शेवटच्या घरांपर्यंत जातो. क्लोरीनही वाटेत खर्ची पडतो आणि टोकाला सर्वांत कमी उरतो. म्हणून आरोग्यसेवक ओ. टी. चाचणी घेतात तेव्हा ती टाकीजवळच्या नळाबरोबरच टोकाच्या नळावरही घेतात का, हे विचारावे. (चाचणी पाहा, पण ते रसायन स्वतः हाताळू नका.) महाराष्ट्रात पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे आणि हिरवे कार्ड देण्याची पद्धत आहे. आपल्या गावाला कोणत्या रंगाचे मिळाले आणि का, हे विचारण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे.

शिक्षकांना एक विनंती. नकाशा तयार झाला की कोणाच्या घरी घाण पाणी येते, यावर वर्गात कुजबुज होऊ शकते. नावे लिहू नयेत. घरांना क्रमांक द्यावेत. ज्यांच्या वाट्याला वाईट पाणी आले त्यांचा त्यात दोष नाही, हे प्रथम सांगावे. आणि मोजमापे पुरी झाल्यावर कागद कपाटात न ठेवता तो विद्यार्थ्यांसह ग्रामसभेत किंवा नगरसेवकापुढे ठेवावा.

मोजणी करताना तीन प्रश्न सतत विचारायचे. नमुना कोठून घेतला? कोणते आकडे वगळले, आणि का? आणि हे आकडे ज्यांच्याविषयी आहेत, त्यांना ते कोणी सांगितले का? फ्लिंटमध्ये हे प्रश्न एका गृहिणीने, एका प्राध्यापकाने आणि एका डॉक्टर बाईंनी विचारले. त्यासाठी लागणारे गणित आठवी-नववीचेच होते.